नवा भात निवण्याआधी

१२ सप्टेंबर

धानाच्या बांध्यांत वाढलेल्या माझ्या भावांनो आणि बहिणींनो! लाखनीच्या हायवेवर ट्रकांचा धूर खाणाऱ्यांनो, अड्याळच्या बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्यांनो, नाकाडोंगरीच्या जंगलाकाठी राहणाऱ्यांनो! आपण तिकीट काढून सिनेमाला जातो. त्या सिनेमात आपण कुठे असतो? नायकाची गाडी बिघडली की पंक्चर काढायला येणारा माणूस आपल्यासारखा बोलतो. नायिकेच्या बंगल्याचा चौकीदार आपल्यासारखा बोलतो. तो तोंड उघडतो आणि थिएटर हसतं, आणि सांगायला लाज वाटते, आपणही हसतो! आपल्या घरातलं भांडण, आपल्या घरातलं प्रेम, आपल्या ताटातला भात त्या पडद्यावर एकदा तरी कोणी मान राखून दाखवला का?

हे परवाच्या मुहूर्ताचं भाषण. सुरुवात जमली आहे. पुढची पानं वेगळी लिहून ठेवली आहेत.

सिनेमा आमचा भूपेंद्र काढतो आहे. माझ्या अड्याळच्या बहिणीचा, चंद्रभागाचा मुलगा. आजवर लग्नाचे व्हिडिओ काढायचा. आता सव्वा तासाचा सिनेमा, सगळे कलाकार जिल्ह्यातले. गोष्ट अशी: इकडच्या धानवाल्या घरात सोलापूरकडची ज्वारीवाली सून येते. तिला भाताने पोट भरल्यासारखं वाटत नाही, यांना भाकरी घशाखाली उतरत नाही. एका चुलीवर दोन महाराष्ट्र शिजतात. विषय मोठा आहे. योगायोग असा की आमची सून रूपाही मंगळवेढ्याची.

भूपेंद्र म्हणाला, "मामाजी, शूटिंग तुमच्याच घरी करू. मले काईच सजवा लागणार नाई."

खरंच आहे. घरात पुस्तकं भरपूर आहेत.

१४ सप्टेंबर

मुहूर्त झाला. भाषण रंगलं. कॅमेरा चालवणारा इश्वर म्हणतो की नारळ फुटायच्या आधीच बॅटरी संपली. बॅटरी जुनी असावी.

१९ सप्टेंबर

आज ओसरीवर गोष्टीचं वाचन झालं. मला वाटलं होतं उद्घाटन केलं म्हणजे माझं काम संपलं. पण भूपेंद्रने सासऱ्याची भूमिका माझ्याच गळ्यात घातली. दौलतराव नाव. माणूस विद्वान, तळमळीचा, पण कोणाला बोलू देत नाही. जेवायला बसला तरी भाषण, लग्नाला गेला तरी भाषण.

मी भूपेंद्रला विचारलं, "इतका हेकट माणूस तुला सापडला कुठे?"

भूपेंद्रला ठसका लागला. रंभाबाईंनी पदर तोंडाला लावला. माझी बायको हल्ली कशालाही हसते.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. संवाद फार अस्सल आहेत. दौलतराव सुनेला म्हणतो, "तुमच्याकडं प्याले पाणी नाई, मंग कायचं खाणं अन् कायचं पिणं!" अगदी असंच मीसुद्धा कधी तरी बोललो असेन. भूपेंद्रचा कान तयार आहे.

सुनेचं काम हर्षा करणार आहे. नाकाडोंगरीची, झाडीपट्टीच्या नाटकांत नाव कमावलेली. तिचा आवाज शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी घडलेला आहे. "बाबा, पाणी घ्या" एवढंच म्हणाली, तर गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. भूपेंद्र तिला म्हणाला, "ताई, माईक तुमच्या पदराले लावला आहे जी, साकोलीत नाई." तिला सोलापूरकडचं बोलणं आणि भाकरी थापणं शिकवायचं काम रूपाकडे दिलं आहे. रूपाला जमेल की नाही, शंका आहे. मुलगी गप्प आहे फार.

आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते, ही बाबा म्हणते. मी चालवून घेतलं. लग्न होऊन आली त्याच दिवशी तिला समोर बसवून सांगितलं, की या घरात बाईला बोलायचं पूर्ण स्वातंत्र्य आहे. चांगला तासभर समजावलं, इतिहासातले दाखले दिले. ती म्हणाली, "हो बाबा." तीन वर्षांत तिचं बोलणं साधारण तेवढंच. एकेकाचा स्वभाव असतो.

२५ सप्टेंबर

आज वाईट बातमी. मनिष दुकानातून लवकर आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "बाबुजी, मंडई झाली का आम्ही सोलापूरले जाऊन राहिलो. रूपाच्या भावाच्या कारखान्यात काम आहे. कवाचा बोलावून राहिला तो."

आमचं हार्डवेअरचं दुकान हायवेवर आहे, चालतं. शेती आहे. एकुलता एक मुलगा. मी विचारलं, "काहून? इथं काय कमी आहे तुले?"

"मले काईच कमी नाई," मनिष म्हणाला. "मले" या शब्दावर त्याने जरा जोर दिला, का ते कळलं नाही.

मग मी त्याला जन्मभूमीबद्दल, तरुणांच्या स्थलांतराबद्दल, जिल्ह्याच्या भवितव्याबद्दल सविस्तर सांगितलं. तो ऐकत होता. रूपा दारात उभी होती. तिने "बाबा, खरं सांगायचं तर..." असं काही तरी सुरू केलं. तिला संकोच होऊ नये म्हणून मी ते वाक्य पुरं करून दिलं: "खरं सांगायचं तर माहेरची ओढ कोणाले सुटत नाही, हो ना?" ती आत गेली.

मंडईपर्यंत वेळ आहे. मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावच्या जत्रेला, सगळे पाहुणे येतात, दिवाळीचा गोडवा असतो. तेव्हा पुन्हा बोलेन. या वेळी मुद्दे लिहून काढेन.

३ ऑक्टोबर

सकाळभर चुलीजवळ हर्षाचं शिक्षण चाललं होतं. मी खिडकीखाली पेपर वाचत होतो. ऐकायचा हेतू नव्हता, पण रूपाचा आवाज ऐकून पेपर खाली ठेवला. ती सलग बोलत होती! पिठाला पाणी किती गरम लागतं, भाकरी हातानं फिरवायची, बोटांचा ठसा उमटू द्यायचा नाही, मग मंद आचेवर इतकी वाळवायची की महिनाभर टिकली पाहिजे. हर्षाची भाकरी तुटली तर म्हणाली, "काय ओ ताई, भाकरी थापताय की कुणाचं थोबाड?" दोघी खिदळत सुटल्या.

मग हर्षाने विचारलं, की सीनमध्ये सून रडते ती कशाने? रूपा म्हणाली, "नव्या तांदळाचा पहिला भात होता. मोठा दिवस. तिच्या आईनं नवी ज्वारी पाठवलेली. तिला वाटलं, दोन्हीकडचं नवं एका ताटात यावं. पहाटे उठून भाकरी केली, सासऱ्यांच्या ताटाशेजारी ठेवली. सासऱ्यांचं भाषण चाललेलं. बोलता बोलता हात गेला, भाकरी बाजूला सरकवली अन् म्हणाले, आज भाताचा मान. तिच्याकडं बघितलंबी नाही."

काय प्रसंग आहे! ताबडतोब भूपेंद्रला फोन केला, की हा प्रसंग सिनेमात आलाच पाहिजे, दौलतरावाचा सगळा स्वभाव त्यात उतरतो.

तो म्हणाला, "आहे मामाजी. पयलाच सीन तो आहे."

रूपामध्ये गोष्ट रचण्याची कला आहे. कोणाला माहीत नव्हतं.

११ ऑक्टोबर

शेवटचा सीन. आणि माझा अपमान.

हलकं, लवकर येणारं धान कापून झालं आहे, म्हणून तांदूळ खरोखरचा नवा. सीन असा: पुन्हा नव्याचा दिवस. आमच्याकडे घरच्या कर्त्याने पहिला घास घ्यायचा आणि त्याआधी चार शब्द बोलायचे, ही माझ्या वडिलांपासूनची रीत. सिनेमातही तीच. पण या वेळी सून भाकरी वाढते आणि तिच्या मनातलं बोलते, आणि दौलतराव ती भाकरी खातो. बोलत काही नाही. बस.

मी भूपेंद्रला म्हणालो, "अरे, इथे तर खरं भाषण पाहिजे! माणूस बदलतो आहे. तो का बदलला हे तो सांगणार नाही?"

"नाई मामाजी. इथं तो ऐकते."

"ऐकतो, पण मग बोलतो."

"फक्त ऐकते."

कॅमेरा सुरू झाला. हर्षाने भाकरी ठेवली, बोलू लागली. तिसऱ्या वाक्याला माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, तू म्हणतेस ते योग्यच आहे, पण याची ऐतिहासिक बाजू..." कट. भात निवला. रंभाबाईंनी गरम भात आणला. पुन्हा तेच. मी ओठ दाबून धरले तर इश्वर म्हणे, चेहऱ्यावर भाषण दिसून राहिलं. मग बाहेर ट्रकांची रांग लागली, हॉर्न वाजू लागले. रूपा मागे चुलीवर भाकऱ्या करून दमली. शेवटी हर्षा म्हणाली, तिला उद्या वडशाला निघावं लागेल, नाटक कंपनीच्या तालमी सुरू झाल्यात.

भूपेंद्र डोकं धरून पायरीवर बसला. "मामाजी, दुसरा माणूस बोलते तवा त्याच्या तोंडाकडं पाहाचं. एवढंच काम होतं जी."

एवढंच काम! ज्याने आयुष्यभर व्यासपीठं गाजवली, त्याला गप्प बसण्याचं काम द्यायचं, ते जमलं नाही म्हणून सर्वांसमोर बोलायचं! शब्दावर माझा विश्वास आहे. अन्याय होतो तेव्हा गप्प बसणारा माणूस अन्यायाच्या बाजूचा असतो, हे मी शंभर सभांत सांगितलं आहे. आता मीच गप्प बसू?

१२ ऑक्टोबर

जेवताना रंभाबाईंसमोर सगळं मांडलं. त्या वाढत होत्या. माझं बोलणं संपल्यावर म्हणाल्या, "अजी, मी एक इचारू?"

"विचारा ना. या घरात..."

"स्वातंत्र्य आहे, माहीत आहे मले. आज भाजी कायची होती?"

मी ताटात पाहिलं. ताट रिकामं होतं.

"झालं," त्या म्हणाल्या आणि भांडी उचलून गेल्या.

काय झालं ते सांगितलं नाही. वांगी होती का? वांगीच असावीत.

१६ ऑक्टोबर

सिनेमा मंडईत दाखवायला मंडई समितीचे तुलाराम पाटील तयार नव्हते. "मंडईत नाटक होते श्यामराव. सिनेमा लोक मोबाईलवर पाहाते, झोपून." मी त्यांना लोककलेच्या प्रवाहाबद्दल सांगू लागलो, तर त्यांनी हात जोडले. "दाखवा बाप्पा, दाखवा. नाटकाच्या आंधी, त्याच पडद्यावर. पण एक अट. भाषण नाई."

"कोणाचं?"

"कोणाचं म्हंजे?"

सिनेमासाठी मी हा घोटही गिळला. पण शेवटच नसलेला सिनेमा दाखवणार काय? भूपेंद्र म्हणतो, एकदा शेवटचा प्रयत्न करू. हर्षा नाही. तिच्या जागी रूपाला पाठमोरी बसवायचं आणि आवाज नंतर हर्षाचा टाकायचा.

घरात ट्रंक बाहेर निघाली आहे. मनिषचे हिवाळ्याचे कपडे वर दिसले. सोलापूरला इतकी थंडी नसते, असं म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही.

२० ऑक्टोबर

हे नीट लिहून ठेवलं पाहिजे.

ओसरीवर ताट मांडलं. मी भिंतीला टेकून, रूपा माझ्यासमोर, कॅमेऱ्याकडे पाठ. भूपेंद्र तिला म्हणाला, "वहिनी, तुमचा आवाज ठेवाचा नाई. काईबी बोला. पाढे म्हणा. फक्त बोलत राहा. मामाजी, तुमचा चेहरा पूर्ण पडद्याएवढा दिसन. ओठ हालले का गेला सीन. भाकर खा."

इश्वरने खूण केली. रूपाने भाकरी माझ्या ताटात ठेवली, भाताला लागून. मी तुकडा मोडून तोंडात घातला.

"काय बोलू बाबा?" ती म्हणाली आणि हसली. "आज तुम्हाला बोलायचं नाही म्हणे."

मी चावत होतो.

"कॉलेजात असताना मी वक्तृत्वाच्या स्पर्धा करायची. ढाली आहेत माहेरी, आईनं कपाटात लावल्यात. यांनी तुमच्याबद्दल सांगितलं, की बाबा भाषणं देतात, तेव्हा मला इतका आनंद झालेला. म्हटलं, सासरी बोलायला माणूस मिळालं. इथं आले. मी वाक्याला सुरुवात करते बाबा, अन् तुम्ही ते संपवता. माझ्यापेक्षा चांगलं संपवता, खोटं नाही बोलत. पण ते माझं नसतं ओ."

माझ्याकडे उत्तर तयार होतं. मुद्दे होते. पण कडक भाकरी चावायला वेळ लागतो, आणि भूपेंद्रने सांगितलं होतं तिच्या तोंडाकडे पाहायचं, म्हणून मी पाहत होतो. तिच्या डाव्या भुवईवर एक जुनी खूण आहे. मला माहीत नव्हती. पहिला घास गिळेपर्यंत माझा पहिला मुद्दा हरवला. दुसऱ्या घासाला दुसरा.

"भाकरीसाठी कोण घर सोडतंय? भाकरी मी कुठंबी करून खाईन. मला सोलापूरला जायचं नाही. दुकानापुढचं तळं मला आवडतं. आईंबरोबर रोवणीला जाते ते आवडतं. पण इथं माझं एक वाक्यबी पुरं होत नाही, म्हणून मीच यांना म्हटलं, चला."

बाहेर एकही ट्रक गेला नाही. ती थांबली. मला वाटलं, आता आपली पाळी. पण तिने फक्त श्वास घेतला होता. ती पुन्हा बोलू लागली. तिच्या आईच्या खळ्याबद्दल, भीमेच्या काठाबद्दल, पहिल्या वर्षी धानाच्या चिखलात पडली तेव्हा रंभाबाई कशा हसल्या त्याबद्दल. भाकरी संपली. मी भातही खाल्ला. गरम होता. नव्या तांदळाचा वास किती गोड असतो! इतकी वर्षं मी तो निवल्यावर खात आलो.

भूपेंद्रने कट कधी म्हटलं ते कळलं नाही. इश्वर डोळे पुसत होता, म्हणाला, चुलीचा धूर गेला. चूल मागच्या अंगणात आहे.

मी उठताना रूपाला एवढंच विचारलं, "भाकर उरली आहे का?"

"दोन आहेत बाबा."

२१ ऑक्टोबर

सकाळी रूपा म्हणाली, "बाबा, मला वाटतं की..." आणि सवयीने थांबली. मीही थांबलो. बराच वेळ दोघे थांबलो. फार अवघड गेलं. मग ती म्हणाली, की मला वाटतं दुकानाच्या पाटीचा रंग बदलावा. मी तिला वेगळंच काही म्हणायचं असेल असं धरून चाललो होतो.

वांगी नव्हती त्या दिवशी. विचारून घेतलं. दोडका होता.

५ नोव्हेंबर

मंडई. सगळ्या गावाच्या लेकी माहेरी आलेल्या, पोरांच्या हातात फुगे, जिलेबीच्या कढया, दंडारीत नाचून घामाघूम झालेली पोरं. अंधार पडताच नाटकाच्या मांडवात भूपेंद्रचा सिनेमा लागला.

पहिल्याच सीनला लोक हसले. पंक्चरवाल्याला हसतात तसं ते हसू नव्हतं. आपल्या घरचं माणूस दिसल्यावर हसतात तसं होतं. मागून कोणी ओरडलं, "अरे, हे तं आपले श्यामराव!" स्वाभाविकच आहे, भूमिका मीच केली होती.

शेवटच्या सीनला भूपेंद्रने एक गोष्ट केली, मला न सांगता. हर्षाचा आवाज टाकलाच नाही. कोणाचाच टाकला नाही. रूपा काय बोलली ते आमच्या घरात राहिलं. पडद्यावर फक्त पाठमोरी सून, बांगड्यांचा आवाज, भाकरी मोडल्याचा आवाज, आणि एक म्हातारा ऐकतो आहे. पुढे बसलेल्या एका आजीला राहवलं नाही. "खा बाप्पा, खा," ती म्हणाली, "पोरीनं केली आहे."

दिवे लागल्यावर लोक भेटायला आले. सगळे एकच म्हणत होते, "श्यामराव, अभिनय वाटलाच नाई जी!" कलावंताला याहून मोठी पावती नाही. तुलारामांचे डोळे लाल होते. त्यांनी आपणहून माईक माझ्या हातात दिला. "चला, बोला दोन शब्द. आज माफ."

मांडवात एक सुस्कारा गेला, मी ऐकला. आजकाल ऐकू येतं मला. खिशात भाषण होतं, सप्टेंबरमध्ये लिहिलेलं, तेच. मी रूपाला हाक मारली आणि माईक तिच्या हातात दिला.

ती पहिल्यांदा घाबरली. मग बोलली. दोनदा अडखळली. दोन्ही वेळा योग्य शब्द माझ्या ओठांवर आला होता आणि दोन्ही वेळा मी तो गिळला. ती म्हणाली, "आमच्याकडं म्हणजे कुठं, हे मला तीन वर्षं कळत नव्हतं. आमच्याकडं ज्वारी पिकते असं म्हटलं तर इथली माणसं परकी होतात, आणि आमच्याकडं धान पिकतं असं म्हटलं तर आई परकी होते. आज म्हणते, आमच्याकडं दोन्ही पिकतं." मला वाटलं होतं ती वाक्य आभार मानून संपवेल. माझा अंदाज चुकला. असा शेवट मला सुचला नसता.

टाळ्या थांबेचनात. रंभाबाई हसतही होत्या आणि पदर डोळ्यालाही लावत होत्या.

६ नोव्हेंबर

आज आमच्या घरी खरं नवं झालं. चंद्रभागा आणि भूपेंद्रही थांबले होते. ताटं वाढली, सगळे माझ्याकडे बघू लागले. चंद्रभागाने तर सवयीने ताटावर ताट झाकलं, भात निवू नये म्हणून. मी म्हणालो, "रूपा, तू बोल."

रूपाने चंद्रभागाकडे पाहिलं. "आत्या, अड्याळला तुमच्या वावरात काळी माती आहे ना? आईनं ज्वारीचं बियाणं दिलंय. जरा उशीर झालाय, पण ह्या आठवड्यात पेरलं तर येईल."

"पेर ना माय," चंद्रभागा म्हणाली. "पण राखन कोण? पाखरं खाते. कापणी होईस्तोवर माणूस पाहिजे."

"मी आहे की," रूपा म्हणाली.

मनिषने भातावर वरण घेतलं आणि काही झालंच नाही अशा तोंडाने म्हणाला, "मंग त्या ट्रंकेतले स्वेटर काढा लागते." मला पुष्कळ बोलायचं होतं. मी भाकरीचा तुकडा तोंडात घातला.

आणि आता, भाषण न झालेल्या त्या सभेला माझे चार शब्द. इथेच लिहितो, इथे कोणी सुस्कारा टाकत नाही.

धानाच्या बांध्यांत वाढलेल्या माझ्या भावांनो! आपला आवाज कोणी ऐकत नाही म्हणून आपण रागावतो, आणि तो राग खरा आहे, तो सोडू नका. पण या आठवड्यात तुमच्या घरी नव्या तांदळाचा भात शिजेल. तेव्हा कर्त्या माणसाने पहिला घास घेण्याआधी, बाहेरून तुमच्या घरात आलेल्या माणसाला बोलायला सांगा. सून असो, जावई असो. आणि त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत गप्प बसा. भात गरम आहे. आजच करा.